राउटरला नाव कशाला आणि पासवर्ड कुणासाठी?

प्रश्न : मी हिंगणघाटचा. डिप्लोमा करून एका कंत्राटदाराकडे नेटवर्कच्या कामाला लागलो आहे. आम्हाला दिलेल्या कामाच्या यादीत आयएस-आयएस या प्रोटोकॉलखाली दोन कामं एकापाठोपाठ असतात : ‘ऑथेंटिकेशन लावणे’ आणि ‘सिस्टिम आयडी व होस्टनेम यांची जोडणी करणे’. साहेबांना कारण विचारलं की म्हणतात, ‘लिहिलंय तसं टाक ना बाबा.’ टाकतो, चालतंही. पण राउटरला क्रमांक आधीच असतो, मग वर नाव कशाला? आणि दोन्ही राउटर आपलेच, तर त्यांच्यात पासवर्ड कशाला? चोर कोण आहे तिथे?
— एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : यादीत ही दोन कामं शेजारी-शेजारी आहेत, ते योग्यच आहे. नाव लागतं ते माणसाला, यंत्राला नाही. पण ते नाव एकदा जाळ्यातून फिरवायचं ठरवलं की खोटं नावही फिरू शकतं. ते रोखायला पासवर्ड लागतो. म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटातूनच निघतो.

आधी आयएस-आयएसचं काम थोडक्यात पाहू. त्याचा जन्म १९८०च्या दशकातला, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी संगणक कंपनीतला. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ १०५८९ या क्रमांकाने त्याला मान्यता दिली. डिसेंबर १९९०मध्ये रॉस कॅलन यांच्या आरएफसी ११९५ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने त्याला आयपीचे पत्ते वाहून न्यायला शिकवलं. तेव्हापासून मोठ्या दूरसंचार जाळ्यांच्या पोटात तो मुकाट्याने काम करतो आहे.

पद्धत साधी आहे. प्रत्येक राउटर स्वतःचा एक अहवाल लिहितो : माझे शेजारी कोण आणि त्यांच्यापर्यंत जायला ‘खर्च’ किती. या अहवालाला एलएसपी म्हणतात. शेजारी तो घेतात आणि त्यातल्या माहितीत एका अक्षराचाही बदल न करता पुढे पाठवतात. थोड्याच वेळात सगळ्यांकडे सगळ्यांचे अहवाल जमतात, प्रत्येकाकडे पूर्ण नकाशा तयार होतो आणि आपली जवळची वाट जो-तो स्वतः काढतो. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा : आलेल्या अहवालावर इथे सगळे विश्वास ठेवतात. सगळा डोलारा त्या विश्वासावर उभा आहे.

तुमच्या जिल्ह्याला हे परकं नाही. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात ग्रामपंचायतींची फायबर वर्तुळाकार टाकायची आणि तालुका व ग्रामपंचायत अशा दोन्ही पातळ्यांवर राउटर बसवायचे असं ठरलं. वर्तुळ कशासाठी? रस्त्याच्या कामात जेसीबीने एकीकडे केबल तोडली, तरी दुसऱ्या बाजूने वाट शिल्लक राहावी म्हणून. पण ती वाट शिल्लक आहे हे राउटरला कळायला असा एखादा अंतर्गत प्रोटोकॉल लागतो. आयएस-आयएस नाही तर त्याचा जोडीदार ओएसपीएफ.

क्रमांक असताना नाव कशाला?

आयएस-आयएसमध्ये राउटरची ओळख अशी लिहितात :

४९.०००१.४४२३.०१००.०००१.००

पहिले ४९ म्हणजे खासगी वापराचा पत्ता. पुढचा ०००१ हा विभागाचा क्रमांक. शेवटचे ०० सांगतात की हा पत्ता खुद्द राउटरचाच आहे. मधले बारा अंक, म्हणजे सहा बाइट, ही सिस्टिम आयडी. ती कशी बनवायची हे आपल्या हातात असतं. बरेच जण राउटरचा लूपबॅक पत्ता शून्यं भरून लिहितात. १९२.१६८.१.१ असा पत्ता असेल तर आयडी १९२१.६८००.१००१ होते. वर मी समजायला सोपं जावं म्हणून हिंगणघाटचा पिनकोड घेतला आहे : ४४२३०१ आणि पुढे राउटरचा अनुक्रम.

आता पुलगावचा पिनकोड ४४२३०२. त्याच रीतीने तिथल्या राउटरची आयडी ४४२३.०२००.०००१ झाली. दोन्ही एकाखाली एक लिहून पाहा :

४४२३.०१००.०००१
४४२३.०२००.०००१

रात्री अडीच वाजता लॉगमध्ये ‘४४२३.०२००.०००१ डाउन’ अशी ओळ आली. ड्यूटीवरचा माणूस डोळे चोळत वाचतो आणि एका अंकात फसतो. गाडी वर्ध्याहून निघते ती बल्लारशाहच्या अंगाला, हिंगणघाटकडे. बिघाड मात्र भुसावळच्या अंगाला, पुलगावात. राउटरला या दोन आकड्यांत घोटाळा कधीच होत नाही. होतो तो माणसाला. म्हणून नाव.

सारख्या दिसणाऱ्या नावांचा ताप वर्धा जिल्ह्याने पूर्वीही सोसला आहे. गांधीजी १९३६मध्ये वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. त्यांच्याकडे रोज ढिगाने पत्रं यायची आणि बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव रेल्वेच्या मोठ्या मार्गावरचं. सेगावचं टपाल शेगावला जाऊ लागलं. शेवटी १९४०मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. रेल्वेच्या कोडमध्ये शेगाव आज ‘एसईजी’ आहे आणि सेवाग्राम ‘एसईजीएम’. फरक एका अक्षराचा, पण यंत्राला तेवढा पुरतो. तुमच्याच जिल्ह्यातले तालुके घ्या. कारंजा म्हटलं की घाडगे की लाड, आष्टी म्हटलं की शहिदांची की बीडची, सेलू म्हटलं की वर्ध्याचं की परभणीचं, हे विचारावंच लागतं. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आणला तो हाच गुंता सोडवायला. त्याचे कर्ते श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे जाणकार कवी.

टपालात नाव हाच पत्ता होता, म्हणून नाव चुकलं की पत्र चुकलं. आयएस-आयएसमध्ये मात्र पत्ता म्हणजे क्रमांकच. नाव त्याच्यावर माणसाच्या सोयीसाठी चिकटवलेलं. वाट शोधण्याच्या गणितात ते कुठेच येत नाही.

मग नाव चुकलं तर डेटा चुकीच्या गावी जातो का?

नाही. पुलगावच्या राउटरचं कॉन्फिगरेशन जसंच्या तसं उचलून हिंगणघाटच्या राउटरवर टाकलं, क्रमांक बदलला आणि नाव तेवढं बदलायचं राहिलं, तर पडद्यावर दोन पुलगाव दिसतील. लोकांचं इंटरनेट व्यवस्थित चालेल. हेलपाटा तेवढा तुमचा होईल.

याच्या उलट चूक मात्र महागात पडते. नाव बदललं आणि सिस्टिम आयडी तशीच राहिली तर एकाच विभागात एकाच ओळखीचे दोन राउटर उभे राहतात. प्रत्येक अहवालावर क्रम असतो आणि मोठ्या क्रमाचा अहवाल नवा मानतात. हिंगणघाटचा अहवाल पुलगावला पोचला की पुलगावला वाटतं, ‘हा तर माझ्या नावावरचा अहवाल, पण मी लिहिलेला नाही.’ तो क्रम एकाने वाढवून स्वतःचा अहवाल पुन्हा सोडतो. मग हिंगणघाट तेच करतो. दोघांची ही चढाओढ थांबत नाही आणि बाकीच्या सगळ्यांचा नकाशा क्षणाक्षणाला बदलत राहतो. एरवी अहवाल पंधरा मिनिटांनी नव्याने पाठवला तरी चालतो, कारण त्याचं आयुष्य साधारण १२०० सेकंदांचं धरलेलं असतं. इथे ते एका मिनिटात कितीतरी वेळा घडतं. नवा राउटर लावल्यावर एखाद्या अहवालाचा क्रम भराभर चढताना दिसला तर पहिला संशय जुळ्या आयडीचा घ्या.

नावं कशी पोचतात? यादी कोण ठेवतं?

दोन रीती आहेत. एक हाताची, एक फिरती.

हाताच्या रीतीत प्रत्येक राउटरवर आपण लिहितो : अमुक आयडी म्हणजे अमुक नाव. ही यादी त्याच राउटरपुरती. जाळ्यात चाळीस राउटर असतील तर प्रत्येकावर इतर एकोणचाळीस नावं, म्हणजे एकूण १५६० ओळी. एक्केचाळिसावा राउटर आला की चाळीस ठिकाणी पुन्हा हात लावायचा. कुणी लावत नाही, आणि सहा महिन्यांत कुठलीच यादी दुसरीशी जुळत नाही.

फिरती रीत फेब्रुवारी २०००मध्ये आली. नायमिंग शेन आणि हेंक स्मिट यांनी आरएफसी २७६३मध्ये ती मांडली. ऑक्टोबर २००८मध्ये तिची जागा आरएफसी ५३०१ने घेतली. कल्पना अशी : राउटर अहवाल फिरवतोच आहे, तर त्यातच स्वतःचं नाव टाकू द्या. आयएस-आयएसच्या अहवालातला प्रत्येक मजकूर टीएलव्ही नावाच्या तुकड्यात असतो. आधी प्रकार, मग लांबी, मग मजकूर. नावाच्या तुकड्याचा प्रकार १३७. समजा हिंगणघाटच्या राउटरचं नाव रोमन लिपीत ‘एचजीटी-०१’ ठेवलं, म्हणजे मोजून सहा अक्षरं. मग तुकडा असा :

प्रकार १३७ | लांबी ६ | एचजीटी-०१

एकंदर आठ बाइट. तेवढ्यात काम झालं. प्रत्येक राउटर येणाऱ्या अहवालातून आयडी व नाव यांची जोडी उचलतो आणि आपली यादी आपणच भरतो. नावाला २५५ बाइटपर्यंत जागा आहे, पण लॉग वाचणाऱ्यावर दया करून ते आखूड ठेवलेलं बरं. एखाद्या जुन्या राउटरला १३७ हा प्रकार कळत नसेल तर तो त्या तुकड्याकडे दुर्लक्ष करतो, पण अहवाल मात्र पुढे सोडतो. त्यामुळे जुनं-नवं एकत्र नांदू शकतं. अशा जुन्या राउटरसाठी हाताची यादी अजूनही उपयोगी पडते. दोन्हीकडून नाव मिळालं तर काही कंपन्यांच्या राउटरमध्ये फिरत आलेलं नाव वरचढ ठरतं. तेव्हा हाताने लिहिलेलं नाव पडद्यावर दिसत नसेल तर गोंधळून जाऊ नका.

ओएसपीएफला ही सोय बरीच उशिरा मिळाली, २००९च्या आरएफसी ५६४२ने.

आपल्याच राउटरमध्ये चोर कोण?

तुमची शंका रास्त आहे. ओएसपीएफचे निरोप आयपीवर स्वार होऊन जातात. आयएस-आयएसचे तसे नाहीत. ते थेट केबलवरच्या फ्रेममध्ये बसतात. त्यामुळे परगावच्या कुणा अनोळखी माणसाला इंटरनेटवरून तुमच्या राउटरला खोटा आयएस-आयएस अहवाल पाठवता येत नाही. त्यासाठी त्याला तुमच्या केबलपर्यंतच यावं लागतं. बऱ्याच मोठ्या जाळ्यांना हा प्रोटोकॉल आवडण्याचं हे एक कारण.

मग पासवर्ड का? कारण केबलवर चोर क्वचित येतो, चूक मात्र रोज येते. एकाच खोलीत दोन-तीन यंत्रणांची रॅक उभी असतात आणि पॅच कॉर्ड चुकीच्या पोर्टात जाते. प्रयोगशाळेत चाचणीसाठी वापरलेला राउटर जुन्या कॉन्फिगरेशनसकट प्रत्यक्ष जाळ्यात लावला जातो. ग्राहकाकडे जाणाऱ्या पोर्टवर आयएस-आयएस चुकून चालू राहतं. पासवर्ड नसेल तर असा पाहुणा काही सेकंदांत शेजारी होतो, स्वतःचा अहवाल सोडतो आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतात. त्या अहवालात तो म्हणाला की ‘मीच हिंगणघाट’, तर पडद्यावर हिंगणघाटच दिसणार. थोडक्यात, ऑथेंटिकेशन नसेल तर आयडी व नावाची खोटी जोडी जाळ्यात घुसवता येते. ज्या नावावर भिस्त ठेवून तुम्ही गाडी काढता, ते आपल्याच राउटरकडून आलं आहे याची हमी पासवर्डच देतो.

पासवर्ड नेमका करतो काय?

सर्वांत जुना प्रकार साध्या मजकुराचा. पासवर्ड निरोपातच उघडा लिहिलेला असतो. पॅच कॉर्ड चुकली तर तो उपयोगी पडतो. पण केबलवर लॅपटॉप लावून पॅकेट पाहणाऱ्याला तो सरळ वाचता येतो. आजच्या जाळ्यात तो लावू नये.

दुसरा प्रकार एचमॅक-एमडी५. तो २००३च्या आरएफसी ३५६७ने आला आणि २००८मध्ये आरएफसी ५३०४मध्ये स्थिरावला. इथे पासवर्ड, म्हणजे किल्ली, केबलवर कधीच जात नाही. राउटर निरोपातला मजकूर आणि किल्ली एकत्र घोटून त्यातून १६ बाइटांचा एक ठसा काढतो आणि तो निरोपात ठेवतो. घेणारा स्वतःच्या किल्लीने तोच हिशेब पुन्हा करतो. ठसा जुळला तर निरोप घेतला, नाही तर टाकून दिला. हा तुकडाही टीएलव्हीच आहे : प्रकार १०, लांबी १७. त्या सतरा बाइटांत पहिला बाइट ५४, म्हणजे ‘एचमॅक-एमडी५’ अशी खूण, आणि उरलेले सोळा म्हणजे ठसा.

यातली एक बारीक गोष्ट पाहण्यासारखी आहे. अहवालात ‘उरलेलं आयुष्य’ असं एक खानं असतं. अहवाल जाळ्यात फिरताना त्यातले सेकंद कमी-कमी होत जातात. ते खानं हिशेबात धरलं तर पुढच्या राउटरवर ठसा जुळणारच नाही. म्हणून ठसा काढताना ते खानं आणि चेकसमचं खानं शून्य धरतात. मग कुणी ते आयुष्य शून्यावर आणून अहवाल मारून टाकला तर? त्यासाठी नियम केला की अहवाल रद्द करण्याचा निरोपही ठशासकटच आला पाहिजे आणि त्यात दुसरा मजकूर नसावा.

तुम्ही म्हणाल, चेकसम आधीच होता, मग ठसा कशाला? मजकूर आपोआप बिघडला तर ते चेकसमला कळतं. पण मजकूर बदलणारा नवा चेकसमही स्वतःच लिहू शकतो. ठसा काढायला किल्ली लागते, आणि ती त्याच्याकडे नसते.

बिघाड आणि खोडी यांतला हा फरक जुन्या लोकांनी चांगलाच भोगला आहे. २७ ऑक्टोबर १९८०ला इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट काही तास ठप्प झालं. खोडी कुणीच केली नव्हती. एका यंत्राच्या मेमरीतले बिट गळाले आणि एकाच यंत्राच्या अहवालाच्या तीन प्रती ८, ४० आणि ४४ अशा क्रमांनी फिरू लागल्या. क्रम घड्याळासारखे फिरून पुन्हा शून्यावर येणारे होते. त्यामुळे ४४ हा ४०पेक्षा नवा, ४० हा ८पेक्षा नवा आणि ८ पुन्हा ४४पेक्षा नवा, असं चक्र बसलं. सगळी यंत्रं हेच तीन अहवाल एकमेकांकडे ढकलत बसली. डिजिटल कंपनीतल्या रेडिया पर्लमन यांनी १९८३मध्ये अशा बिघाडातून सावरणारी पद्धत मांडली. आयएस-आयएसमधले क्रम फिरून शून्यावर येत नाहीत, सरळ चढत जातात, हा त्याच विचाराचा वारसा.

एमडी५ आता म्हातारं झालं आहे. एकच ठसा देणारे दोन वेगळे मजकूर बनवता येतात हे २००४मध्ये दिसलं. एचमॅकच्या घडणीत तो दोष लगेच धोका ठरत नाही, तरी नव्या जाळ्यात फेब्रुवारी २००९च्या आरएफसी ५३१०मधले एसएचए कुळातले प्रकार लावावेत. त्या दस्तऐवजाच्या लेखकांत मानव भाटिया आणि विश्वास मनराल ही नावं दिसतात.

तीन ठिकाणी पासवर्ड का टाकायला लावतात?

कारण तपासायचे निरोप तीन तऱ्हेचे आहेत. पहिली तऱ्हा हॅलो निरोपांची. शेजाऱ्याशी ओळख करून घ्यायला ते जातात आणि त्यांचा पासवर्ड इंटरफेसवर लागतो. दुसरी, विभागाच्या आत फिरणाऱ्या लेव्हल १च्या अहवालांची, तिला विभागाचा पासवर्ड. तिसरी, विभागांना जोडणाऱ्या लेव्हल २च्या अहवालांची, तिला डोमेनचा पासवर्ड.

नव्या माणसाला बिघाड शोधताना यातूनच घाम फुटतो. इंटरफेसचा पासवर्ड जुळला नाही तर शेजारी दिसतच नाही. ते लगेच कळतं. पण इंटरफेसचा जुळला आणि विभागाचा चुकला तर शेजारी ‘अप’ दिसतो, केबल ठीक, पोर्टचा दिवा हिरवा, आणि तरी पलीकडचा एकही मार्ग टेबलात येत नाही. ओळख पटली, पण अहवाल घेतले नाहीत, अशी ही अवस्था. तेव्हा केबल काढ-घाल करू नका, लॉगमध्ये ऑथेंटिकेशनची ओळ शोधा. पासवर्डच्या शेवटी चुकून राहिलेली एखादी मोकळी जागाही एवढा गोंधळ घालते.

चालू जाळ्यात पासवर्ड लावताना सगळं बंद पडेल का?

क्रम पाळला तर पडत नाही. बऱ्याच राउटरमध्ये ‘फक्त पाठव’ अशी सोय असते. ती लावली की राउटर ठसा मारून निरोप पाठवतो, पण येणाऱ्याचा ठसा तपासत नाही. आधी सगळ्या राउटरवर किल्ली आणि ही सोय लावून घ्या. सगळीकडून ठसे येऊ लागले याची खात्री झाली की मग एकेका राउटरवरून ती सोय काढा. ती काढली की तपासणी सुरू.

पुढे किल्ली बदलायची वेळ येते तेव्हा किल्ल्यांची साखळी वापरतात. प्रत्येक किल्लीला दोन मुदती असतात : कधीपासून कधीपर्यंत हिच्याने पाठवायचं आणि कधीपासून कधीपर्यंत हिच्याने आलेलं घ्यायचं. घेण्याची मुदत दोन्ही बाजूंनी थोडी सैल ठेवावी, म्हणजे जुनी आणि नवी किल्ली काही काळ सोबत चालतात. हे सगळं घड्याळावर अवलंबून आहे, म्हणून राउटरची वेळ एनटीपीने जुळलेली हवी. एकाचं घड्याळ दिवसभर मागे असेल तर किल्ली बरोबर असूनही शेजारी तुटतो.

‘फक्त पाठव’ची सोय नसेल आणि त्या केबलवरूनच पलीकडच्या राउटरवर लॉगिन करावं लागत असेल, तर पासवर्ड आधी पलीकडच्या टोकाला टाका, मग आपल्या. पलीकडे टाकल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात शेजार तुटेल आणि तुमचं लॉगिनही जाईल. पण मग आपल्या टोकाला पासवर्ड टाकला की पुन्हा जुळेल. उलट केलं, म्हणजे आपलं टोक आधी, तर पलीकडे जायची वाटच बंद होते. मग आपल्या टोकाचा पासवर्ड काढून पुन्हा सुरुवात करावी लागते.

एवढं केल्यावर जाळं सुरक्षित झालं म्हणायचं का?

पुष्कळ झालं, पूर्ण नाही. ऑथेंटिकेशन मजकूर झाकत नाही. पाहणाऱ्याला तो अजूनही वाचता येतो. जुना, खरा ठसा असलेला निरोप साठवून पुन्हा पाठवण्याची खोडीही नुसत्या ठशाने पुरती थांबत नाही. तिच्यासाठी २०१५मध्ये आरएफसी ७६०२ने वेगळा क्रम जोडण्याची सोय केली.

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. निरोप किल्लीवाल्याकडून आला एवढंच ठसा सांगतो. निरोपात लिहिलेलं खरं आहे की नाही, हे ठशाला माहीत नसतं. दोन जाळ्यांना जोडणाऱ्या बीजीपी प्रोटोकॉलमध्ये हे जगाने पाहिलं. २४ फेब्रुवारी २००८ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांचा एक मार्ग स्वतःकडे वळवला. तो मार्ग चुकून बाहेरही जाहीर झाला आणि सुमारे दोन तास जगभरातली यूट्यूबची वाहतूक तिकडे ओढली गेली. निरोप ओळखीच्या शेजाऱ्याकडूनच आला होता, पासवर्ड विचारला असता तरी जुळलाच असता. खोटं होतं ते आतलं विधान. म्हणून तुमच्या राउटरवर किल्ली बरोबर आणि नाव चुकीचं असेल तर ते चुकीचं नावही अधिकृत ठशासकट सगळीकडे पोचेल. नाव टाकताना दोनदा वाचण्याला पर्याय नाही.

राउटरचं नाव देवनागरीत ठेवता येईल का?

हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पुढे पडेलच, आणि तो गमतीचा नाही. आरएफसी ५३०१प्रमाणे नावाच्या तुकड्यात सात बिटांची रोमन अक्षरंच जातात. पडद्यावर देवनागरी दाखवायची तर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने ती रोमनच्या सांकेतिक रूपात बदलून पाठवायची आणि घेणाऱ्याने परत उलगडायची, अशी सोय त्यात सुचवली आहे. मराठी डोमेन नावं इंटरनेटवर फिरतात ती साधारण याच युक्तीने. पण ज्या राउटरवर ती सोय नाही तिथे तुम्हाला नावाऐवजी अक्षरांचा काला दिसेल, आणि नाव ठेवण्याचा हेतूच फसेल.

तूर्त रोमनच वापरा, पण एक शिस्त पाळा. एकाच गावाचं स्पेलिंग तीन माणसं तीन तऱ्हेने लिहितात आणि शोधताना मग दोन राउटर सापडतात, तिसरा सापडत नाही. काम सुरू करण्यापूर्वी आठही तालुक्यांची आणि गावांची एकच यादी करून घ्या. गावाच्या नावापुढे तालुक्याचं लघुरूप लावा. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड असतो, तोही यादीत लिहून ठेवा. मग साहेबांकडून ती यादी मंजूर करून घ्या. पुढच्या वेळी ते म्हणाले ‘लिहिलंय तसं टाक’, तर निदान लिहिलेलं तुमचं असेल, आणि ते तसं का लिहिलंय हे तुम्हाला सांगता येईल.